अंश, रेडियन आणि १७१९

डिप्लोमा सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या विक्रोळीच्या एका मुलीने तीन गोष्टी विचारल्या आहेत. पहिली: अंशांचे रेडियन करताना 'पाय छेद १८०' ने गुणायचं की '१८० छेद पाय' ने, हे दर वेळी डोक्यातून जातं, आणि पाय जर ३.१४ असेल तर सर फळ्यावर 'पाय बरोबर १८०' कसं लिहितात? दुसरी: एक्सेलमध्ये साइन ३० चं उत्तर अर्धा न येता उणे ०.९८८ का येतं? तिसरी: रस्त्याचं वळण आखायच्या सूत्रात १७१८.९ हा आकडा कुठून आला, आणि तो पाठच करायचा का?

मी सर्व्हेअर. मुंबईतले रस्ते, पूल, रॅम्प यांच्या लाइनआउटमध्ये (म्हणजे जमिनीवरच्या आखणीत) उन्हातान्हात उभं राहणारा माणूस, गणिताचा मास्तर नव्हे. त्यामुळे साइटवर नवीन पोरांना जसं सांगतो तसंच सांगतो. तुझ्या लिहिण्यावरून वय कळतंय, म्हणून अगं-तुगं करतोय, राग मानू नकोस.

घाईत असशील तर उत्तर एवढंच. अंशांना पायने गुण, १८० ने भाग, रेडियन मिळाले. उलट जायचं तर १८० ने गुण, पायने भाग. एक अंश म्हणजे ०.०१७४५३३ रेडियन. एक रेडियन म्हणजे ५७.२९५८ अंश, म्हणजेच ५७°१७′४५″. कशाने गुणायचं हे विसरलीस तर रेडियन हे अंशापेक्षा खूप मोठं माप आहे एवढं आठव. माप मोठं, तर आकडा लहान. ९० अंशांचे १.५७ रेडियन होतात. उत्तर ५१५६ आलं तर अपूर्णांक उलटा बसलाय हे तिथेच कळायला हवं.

आता 'पाय बरोबर १८०' चं भांडण. बारा इंच म्हणजे एक फूट, पण म्हणून १२ म्हणजे १ असं कोणी म्हणत नाही. इथेही तसंच आहे. पाय रेडियन म्हणजे १८० अंश. रेडियन हा शब्द लिहायचा लोक कंटाळा करतात आणि तो गळाला की वाक्य खोटं वाटायला लागतं. पाय हा आकडा ३.१४१५९ च आहे, कालही होता, उद्याही राहील. सरांनी फळ्यावर लिहिलं ते दोन मापांमधलं नातं आहे, दोन आकड्यांमधलं नाही. वहीत निदान पहिले काही महिने 'रेडियन' हा शब्द पूर्ण लिहायची सवय ठेव.

पण रेडियन म्हणजे काय हे हाताला कळल्याशिवाय हा गुणाकार-भागाकार टिकत नाही. घरातलं गोल ताट घे, समज ३० सेंटिमीटर व्यासाचं. त्रिज्या १५ सेंटिमीटर. तेवढीच सुतळी काप आणि ताटाच्या काठावरून वळवून ठेव. सुतळीच्या दोन टोकांपासून केंद्रापर्यंत दोन रेघा मार. त्या दोन रेघांमधला कोन एक रेडियन. बस. आता हीच सुतळी काठावरून पुढे पुढे ठेवत जा. सहा वेळा बसेल आणि सव्वाचार सेंटिमीटरची फट उरेल. परीघ ९४.२५, सहा सुतळ्यांचे ९०, उरले ४.२५. ताट मोठं घेतलंस तर सुतळीही मोठी होईल, पण बसेल तेवढ्याच वेळा: ६.२८३, म्हणजे दोन वेळा पाय. पूर्ण फेरीचे ३६० अंश, पूर्ण फेरीचे दोन पाय रेडियन. अर्ध्या फेरीचे १८० आणि पाय. तुझं सूत्र इथून आलं.

थोडक्यात, कंसाची लांबी भागिले त्रिज्या म्हणजे रेडियनमधला कोन. लांबीला लांबीने भागलं, म्हणून त्याला स्वतःचं असं एककच उरत नाही, नुसता आकडा. अंश तसे नाहीत. ३६० हा आकडा माणसाने ठरवलेला आहे; त्याच्या मुळाशी बाबिलोनी लोकांची साठाच्या पटीत मोजायची पद्धत आहे, आणि त्याला भरपूर आकड्यांनी भाग जातो म्हणून तो टिकला. रेडियन कोणी ठरवायची गरज नव्हती, तो वर्तुळातच होता. त्याला नाव मात्र उशिरा मिळालं: १८७३ मध्ये बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजमध्ये जेम्स थॉमसन यांनी काढलेल्या प्रश्नपत्रिकेत हा शब्द पहिल्यांदा छापला गेला. म्हणजे हा शब्द जगात आला तोच परीक्षेत छळायला.

पाठ करायचे कोन फार नाहीत. ३०, ४५, ६०, ९० चे पाय छेद ६, ४, ३, २. उरलेले त्यांच्यातूनच निघतात: ७५ म्हणजे ३० अधिक ४५, म्हणून पाच पाय छेद बारा. १८० ला कोनाने भागायचं, जो आकडा येईल तो छेदात. ३६ साठी ५, १५ साठी १२. यावर याहून जास्त वेळ घालवू नकोस.

तुझा दुसरा प्रश्न. एक्सेल, पायथन, जवळजवळ सगळ्या संगणकी भाषा साइन-कोसाइनच्या कंसातला आकडा रेडियनच धरतात. तू ३० अंश म्हणून लिहिलंस, त्याने ३० रेडियन वाचलं. ३० रेडियन म्हणजे १७१८.८७ अंश. त्यातून पूर्ण चार फेऱ्या, म्हणजे १४४० वजा केल्या की उरतात २७८.८७ अंश, आणि त्याचा साइन उणे ०.९८८. म्हणजे एक्सेल चुकलं नाही. तू विचारलेल्या कोनाचं नेमकं उत्तर त्याने दिलं. उपाय सोपा: साइनच्या कंसात रेडियन्स नावाचं फंक्शन घाल आणि त्याच्या कंसात ३०. उत्तर परत अंशांत हवं असेल तर डिग्रीज नावाचं फंक्शन आहे. (तो १७१८.८७ बाजूला लिहून ठेव, पुढे लागणार आहे.)

कॅसिओच्या कॅल्क्युलेटरवरही हीच गडबड होते, फक्त तिथे तिसरा एक भिडू असतो: ग्रेडियन. त्यात काटकोनाचे ९० ऐवजी १०० भाग धरतात. आपल्याकडे तो कोणी वापरत नाही, पण बटणं दाबता दाबता चुकून लागतो. म्हणून कोणताही कॅल्क्युलेटर हातात आला की मी आधी साइन ३० दाबतो. ०.५ आलं तर अंश, उणे ०.९८८ आलं तर रेडियन, ०.४५४ आलं तर ग्रेडियन. पडद्यावर वर बारीक डी, आर किंवा जी अक्षर असतं, पण उन्हात ते दिसत नाही. बदलायचं असेल तर जुन्या एमएस मालिकेत अंश-रेडियन-ग्रेडियनची यादी येईपर्यंत मोड दाबत राहायचं आणि १, २ किंवा ३ निवडायचं. ईएस मालिकेत शिफ्ट आणि मोड, मग ३, ४ किंवा ५.

एक्सेलमधली ही चूक साइटवर किती लपून बसते ते सांगतो, कारण हे पुस्तकात मिळत नाही. एका रॅम्पच्या कामावर वळणावरच्या बिंदूंचे कोऑर्डिनेट्स असलेलं शीट आलं होतं. त्रिज्या २०० मीटर, दर २० मीटरला एक बिंदू. म्हणजे केंद्राशी प्रत्येक पायरीला ०.१ रेडियन, अंशांत ५.७३. शीट बनवणाऱ्याने सगळे कोन अंशांत ठेवले आणि तेच तसेच साइन-कोसाइनमध्ये घातले. तपासणाऱ्याने नेहमीची तपासणी केली: प्रत्येक बिंदूचं केंद्रापासूनचं अंतर काढलं. सगळीकडे २००.०००. टिक मारून मोकळा.

ती तपासणी पास होणारच होती. कोन अंशांतला असो, रेडियनमधला असो की मनाने लिहिलेला असो, साइनचा वर्ग अधिक कोसाइनचा वर्ग नेहमी १ च येतो. बिंदू त्याच वर्तुळावर पडणार, फक्त भलत्याच जागी. लागोपाठच्या दोन बिंदूंमधलं अंतर काढलं असतं तर कळलं असतं: ५.७३ रेडियन म्हणजे जवळजवळ पूर्ण फेरी, एकतीस-बत्तीस अंश कमी. त्यामुळे पुढचा बिंदू २० मीटर पुढे न जाता १०९ मीटर मागे पडत होता. शीट हातात आलं की मी आधी लागोपाठची अंतरं बघतो, केंद्राचं नंतर. तू प्रोजेक्टमध्ये हेच कर.

रेडियन करण्याआधीच होणारी एक चूक आहे, आणि माझ्या मते तीच सर्वांत जास्त होते. अंश-मिनिट-सेकंदाचा कोन तसाच दशांश समजून वापरणं. ४७°३०′ म्हणजे ४७.३० नव्हे, ४७.५. तीस मिनिटं म्हणजे अर्धा अंश. बऱ्याच टोटल स्टेशनमध्ये (कोन आणि अंतर दोन्ही मोजणारं आपलं यंत्र) कोन भरताना ४७.३० असं टाकलं की यंत्र ते ४७ अंश ३० मिनिटं समजतं, आणि तेच बोट मग एक्सेलमध्येही ४७.३० टाकतं. फरक ०.२ अंशाचा, ऐकायला क्षुल्लक. १०० मीटरवर तो ३५ सेंटिमीटर होतो. खांबाचं पाइलिंग ३५ सेंटिमीटर सरकलं तर पुढे काय होतं ते तुला कोणी सांगायला नको.

सेकंदासकट कोन असेल तर उजवीकडून डावीकडे यायचं. ४७°३०′४५″ घे. ४५ ला ६० ने भागलं, ०.७५. त्यात ३० मिळवले, ३०.७५. पुन्हा ६० ने भागलं, ०.५१२५. म्हणजे ४७.५१२५ अंश. याला पायने गुणून १८० ने भागलं की ०.८२९२५ रेडियन. कॅल्क्युलेटरवर अंश-मिनिट-सेकंदाचं वेगळं बटण असतं, ते हे सगळं करून देतं, पण एकदा तरी हाताने कर.

आता तिसरा प्रश्न, ज्यासाठी मी हे लिहायला बसलो. रँकिनच्या पद्धतीत वळण आखताना सूत्र येतं: डिफ्लेक्शन कोन (सरळ दिशेपासून यंत्र जितकं फिरवायचं तो), मिनिटांत, बरोबर १७१८.९ गुणिले जीवा भागिले त्रिज्या. पोरं हे मंत्रासारखं पाठ करतात. त्यात मंत्र काही नाही.

यंत्र उभं असतं वळण जिथे सुरू होतं त्या स्पर्शबिंदूवर. शून्य लावलेलं असतं सरळ पुढे, स्पर्शिकेच्या दिशेने. पहिला खुंट २० मीटरवर ठोकायचा आहे, त्रिज्या २०० मीटर. केंद्राशी कोन किती? कंस भागिले त्रिज्या, २० भागिले २००, ०.१ रेडियन. स्पर्शिका आणि जीवा यांच्यातला कोन केंद्राशी असलेल्या कोनाच्या निम्मा असतो, हे दहावीच्या भूमितीत झालंय. म्हणून यंत्र फिरवायचं ०.०५ रेडियन. पण यंत्राच्या पडद्यावर रेडियन नसतात, अंश-मिनिटं असतात. एका रेडियनची मिनिटं किती? ५७.२९५८ गुणिले ६०, म्हणजे ३४३७.७५. त्याला ०.०५ ने गुण: १७१.८९ मिनिटं, २°५१′५३″. निम्मं करायचं काम दर वेळी कोण करणार, म्हणून कोणीतरी ३४३७.७५ आधीच निम्मं करून ठेवलं: १७१८.८७. तोच तुझा १७१८.९. अर्ध्या रेडियनमधली मिनिटं, दुसरं काही नाही.

दुसरा खुंट ५°४३′४६″ वर, तिसरा ८°३५′४०″ वर, असं करत दहाव्या खुंटाशी ये. तिथे कंसाची एकूण लांबी २०० मीटर आणि त्रिज्याही २०० मीटर. केंद्राशी बरोबर एक रेडियन. यंत्रावर अर्धा रेडियन, १७१८.८७ मिनिटं, २८°३८′५२″. म्हणजे पुस्तकातला तो आकडा तुला रस्त्यावर ठोकलेल्या खुंटाच्या रूपात दाखवता येतो.

इथे दोन बारकावे. एक, मिनिटाला पूर्णांक करून पुढे बेरीज करत जाऊ नकोस. २°५१′५३″ ऐवजी २°५२′ धरून दहा वेळा मिळवलं तर दहाव्या खुंटाला कोन ६८ सेकंदांनी जास्त येतो आणि १९२ मीटरच्या जिवेवर खुंट सहा सेंटिमीटर आडवा सरकतो. प्रत्येक खुंटाचा कोन मुळापासून काढावा. दोन, आपण २० मीटर कंस धरला पण टेपने मोजतो ती जीवा. २०० मीटर त्रिज्येवर हा फरक ८ मिलिमीटर आहे. पुस्तकं सांगतात की जीवा त्रिज्येच्या विसाव्या भागापेक्षा मोठी नसावी, म्हणजे इथे १० मीटर. मी २० घेतले ते आकडे सोपे पडावेत म्हणून. पेपरात १० घे. प्रत्यक्षात आता यंत्रात कोऑर्डिनेट्स चढवून प्रिझमवाल्याला (बिंदूवर प्रिझमची काठी धरून उभा असतो तो) हाका मारत बिंदू काढतात, डिफ्लेक्शन लावत कोणी बसत नाही. तरी आलेल्या बिंदूंपैकी एखादा या पद्धतीने तपासायला दोन मिनिटं लागतात, आणि ती दोन मिनिटं मी काढतोच.

आता तो ३४३७.७५. पूर्णांकात ३४३८. हा आकडा आपल्याकडे इसवी सन ४९९ च्या सुमाराच्या आर्यभटीयातून निघतो. आर्यभटाने वर्तुळाचा परीघ कलांमध्ये मोजला. कला म्हणजे आपलं मिनिट. ३६० अंशांच्या २१,६०० कला. आणि परिघासाठी त्याने दिलेलं गुणोत्तर २०,००० व्यासाला ६२,८३२, म्हणजे ३.१४१६. मग २१,६०० कलांच्या वर्तुळाची त्रिज्या किती? ३४३८ कला. कंस आणि त्रिज्या दोन्ही एकाच मापात मोजायची, ही रेडियनचीच रीत झाली, फक्त त्रिज्येला एक न म्हणता ३४३८ म्हटलं.

त्याने 'ज्यां'चा तक्ता दिला आहे; ज्या म्हणजे आपला साइन, त्रिज्येने गुणलेला. तक्ता २२५ कलांच्या पायऱ्यांनी जातो, म्हणजे ३°४५′ च्या. तक्त्यात थेट ज्या नाहीत, लागोपाठच्या ज्यांमधले फरक दिले आहेत. पहिले आठ असे: २२५, २२४, २२२, २१९, २१५, २१०, २०५, १९९. पहिलाच आकडा बघ. २२५ कलांच्या कंसाची ज्या २२५. कोन लहान असेल तर साइन म्हणजे तो कोनच, अट एकच की कोन रेडियनमध्ये हवा. कॉलेजात हे पुढे लिमिटच्या धड्यात शिकवतील आणि अवघड करून शिकवतील. दुसऱ्या पायरीला ज्या ४४९ होते, ४५० नाही. कंस आणि ज्या यांची फारकत तिथून दिसायला लागते. आणि आता ते आठ आकडे बेरीज कर. आठ पायऱ्या म्हणजे ३० अंश. बेरीज येते १७१९.

३० अंशांचा साइन अर्धा, म्हणून ३४३८ चा निम्मा. रँकिनच्या सूत्रात अर्धा येतो तो जीवा-स्पर्शिकेच्या कोनामुळे. आणि तुझ्या एक्सेलने जे ३० रेडियन वाचले त्यांचे अंश १७१८.८७, कारण ५७.२९५८ ला ३० ने गुणणं आणि ६० ने गुणून निम्मं करणं एकच. तीन वाटा वेगळ्या, आकडा तोच. मला हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा लोकलमध्ये उभ्याउभ्या हसू आलं होतं.

लोकलवरून आठवलं. हार्बरची गाडी सँडहर्स्ट रोड सोडून डॉकयार्डकडे वळते तेव्हा चाकं करकरतात ना, ते वळण रेल्वेवाले त्रिज्येत सांगत नाहीत, अंशांत सांगतात. ३०.५ मीटर, म्हणजे जुन्या शंभर फुटी साखळीएवढा कंस केंद्राशी जितके अंश करतो तितक्या अंशांचं वळण. त्रिज्या काढायची तर १७५० ला अंशांनी भागायचं. हा १७५० पुन्हा तोच: ३०.५ गुणिले ५७.३, येतात १७४७.६५, ते ओढून १७५० केले. ब्रॉडगेजवर वळणाची मर्यादा १० अंश, म्हणजे १७५ मीटर त्रिज्या. रस्तेवाले ३० मीटर धरतात म्हणून त्यांचा आकडा १७१९ च्या आसपास येतो (झालं, चौथ्यांदा), कुठे २० मीटर धरतात म्हणून ११४६. असले आकडे पाठ करायचे नसतात; ५७.३ एवढा एक लक्षात ठेवला की बाकीचे कागदावर निघतात.

साइटवर डोक्यातल्या डोक्यात हिशोब करायला रेडियनइतकं कामाचं काही नाही. १०० मीटरवर एक अंश म्हणजे पावणेदोन मीटर. एक मिनिट म्हणजे २९ मिलिमीटर. एक सेकंद म्हणजे अर्धा मिलिमीटर. पाच सेकंदांचं टोटल स्टेशन २०० मीटरवर जवळपास ५ मिलिमीटर इकडे तिकडे करणार, ते त्याच्या जातीतच आहे. त्याच्याकडून दोन मिलिमीटरची हमी मागणाऱ्या साहेबाला हे गुणाकार करून दाखवता येतं. शिवाय उड्डाणपुलावर खालून-वरून गाड्या जात असताना यंत्र थरथरतं, दुपारी डांबरावरून हवा लहरते, त्याचं वेगळंच.

अक्षांशांनाही हेच लागू. कुलाबा सुमारे १८°५४′ वर, दहिसर सुमारे १९°१५′ वर. फरक २१ मिनिटांचा, म्हणजे ०.००६११ रेडियन. पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किलोमीटर. गुणाकार केला की ३८.९ किलोमीटर. मुंबईची दक्षिणोत्तर लांबी तुला टेप न काढता मिळाली. पूर्व-पश्चिम अंतर काढताना मात्र १९ अंशांच्या कोसाइनने, ०.९४५५ ने गुणायला विसरू नकोस, आणि तो कोसाइन एक्सेलमध्ये काढणार असशील तर कंसात काय घालायचं ते आता माहीत आहे.

पायची किंमत किती घ्यायची? २२/७ शाळेत सोडून यायचं. वरच्या ४७°३०′४५″ च्या कोनात २२/७ ने १०० मीटरवर ३.३ सेंटिमीटरच्या आसपास चूक होते, ३.१४ ने चार सेंटिमीटरहून जास्त. कॅल्क्युलेटरवर पायचं बटण आहे, ते दाब. हातानेच करायचं झालं तर ३५५/११३ वापर, सहा दशांशांपर्यंत बिनचूक आहे. रेडियनमधलं उत्तर किमान सहा दशांशांत लिही, कारण एक सेकंद म्हणजे ०.०००००४८ रेडियन, चार दशांशांवर थांबलीस तर दहा-दहा सेकंद गळतात.

एक्सेलमध्ये बेअरिंग, म्हणजे रेघेच्या दिशेचा कोन, काढताना आणखी एक खड्डा आहे. दोन बिंदूंच्या फरकांवरून कोन देणारं एटॅन-टू हे फंक्शन उत्तर रेडियनमध्ये देतं, हे एक. दुसरं, एक्सेलमध्ये त्याला आधी क्ष आणि मग य द्यावा लागतो, पायथनमध्ये आधी य आणि मग क्ष. आपलं बेअरिंग उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने, म्हणून एक्सेलमध्ये आधी उत्तरेचा फरक, मग पूर्वेचा. समज उत्तरेला ५०, पूर्वेला उणे ५०. उत्तर येईल उणे ०.७८५४. त्याचे आधी अंश कर, उणे ४५, आणि मग ३६० मिळव, ३१५. रेडियनमध्येच ३६० मिळवणारी शीट्स मी पाहिली आहेत. त्यांतून जे निघतं ते कोणत्याच दिशेला जात नाही. ऑटोकॅडमध्येही सावध राहा. चित्र काढताना तो अंश घेतो, पण ऑटोलिस्पमध्ये (त्याच्या प्रोग्रॅमच्या भाषेत) छोटा प्रोग्रॅम लिहिलास की सगळं रेडियनमध्ये, आणि शून्य पूर्वेला.

परीक्षेचं म्हणशील तर कोन ३०-४५-६० च्या घराण्यातला असेल तेव्हा उत्तर पायमध्येच ठेव, दशांश करत बसू नकोस. ७५ अंशांचं उत्तर 'पाच पाय छेद बारा रेडियन' हेच पूर्ण उत्तर आहे. सर्व्हेच्या पेपरात मात्र उत्तर अंश-मिनिट-सेकंदात न्यायचं असतं, तेव्हा मिनिटांचा दशांश भाग ६० ने गुणून सेकंद काढायची ओळ लिहून दाखव, तिला मार्क असतात. डिफ्लेक्शनचा तक्ता करताना शेवटच्या ओळीतला कोन एकूण केंद्रकोनाच्या निम्मा येतोय का ते बघ. नसेल येत तर शेवटच्या अपुऱ्या जिवेचा कोन तू पूर्ण जिवेचा म्हणून धरला आहेस. बहुतेक वेळा चूक तिथेच सापडते.